खजिनदारांचा हितसंबंध

लिफ्टचं दार मिटलं आणि माझी लेक आत राहिली.

मी तळमजल्यावरचं एक घर बघायला आले होते. घरमालक, सगळे त्यांना नाना म्हणत, खिशात किल्ली चाचपत होते. मी बाहेरूनच खिडक्यांना गज आहेत का ते बघत होते. नव्या जागेत माझी नजर आधी गज, स्विच आणि धारदार कोपरे शोधते, बाकीचं घर नंतर. आणि तेवढ्यात आमची ठमी सटकली. आतून "आई, टाटा" एवढं ऐकू आलं, मग नुसती घरघर.

जिने कसे चढले, देव जाणे. सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचले, तर समोर एक उंच माणूस पायाने लिफ्टचं दार अडवून उभा होता. कामाला निघालेला असावा, खांद्याला पिशवी होती. ठमी त्याच्यापुढे मांडी ठोकून बसलेली. त्याच्या हातात दातांची कवळी होती, आणि ती कवळी उघडमीट करत ठमीला तिचं नाव विचारत होती.

"तुमचीच ना?" तो म्हणाला. "आई येईपर्यंत हलायचं नाही, असं या दातांनी सांगितलंय. माझं एकटं कोण ऐकतं..."

मला रडू यायचं होतं, आलं हसू. धापा टाकत हसणारी बाई काही बरी दिसत नाही, पण त्याने नजर वळवली नाही, आणि मीही...

तो कवळ्या बनवायचा. शिवाय इमारतीच्या समितीचा खजिनदार होता. मी तळमजल्याचं घर घ्यायला आलेय हे कळल्यावर त्याने ठमीकडे गंभीरपणे पाहिलं. "म्हणजे लिफ्ट न वापरणारं घर," तो म्हणाला.

या थट्टेमागचं भांडण त्याने खाली उतरता उतरता सांगितलं. आपण लिफ्टचं बटण जन्मात दाबलं नाही, असं म्हणत नानांनी देखभाल-खर्चातला लिफ्टचा वाटा कैक वर्षं भरला नव्हता. समितीने त्यावर दंडव्याज लावलं, आणि ते आता मुद्दलाच्या पुढे गेलं होतं. नाना मुद्दल द्यायला एका पायावर तयार होते, व्याजाचं नाव काढलं की तोच पाय आपटायचे. आणि सगळी थकबाकी भरल्याशिवाय समिती ना-हरकत पत्र देणार नव्हती.

त्या पत्राशिवाय मला कर्ज नव्हतं. बँकेतल्या बाईंनी माझा पगार मांडला, त्यातून ठमीच्या पाळणाघराची फी वजा केली, इमारतीचा महिन्याचा खर्च वजा केला, आणि उरलेल्यावर जी कर्जमर्यादा काढली ती नानांच्या किमतीला जेमतेम टेकत होती. व्याज माझ्या गळ्यात पडलं असतं तर घर गेलंच. बाईंनी सहकर्जदाराचं विचारलं. "मिस्टर?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी त्या रकान्यात आडवी रेघ ओढली, आणि ती रेघ उगाचच फार वेळ माझ्या डोळ्यांसमोर राहिली.

घरी आईला सगळं सांगितलं. तिने कर्जाचं सोडून तिसरंच विचारलं, त्या कवळीवाल्याचं वय काय? कवळी त्याचीच, असा तिचा समज झाला होता. तो गैरसमज मी जरा जास्तच घाईने दूर केला. आई नुसती 'हं' म्हणाली. आमच्या आईचा 'हं' म्हणजे पानभर मजकूर.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. एका दुपारी बाहेर रिमझिम चालू असताना तो भिजल्या केसांनी आत आला आणि म्हणाला, नजर तपासून हवी आहे. मी मोठा दिवा मालवला, त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली. आमच्या कामात समोरच्याची बुबुळं स्थिर राहावीत म्हणून एक वाक्य दिवसातून शंभरदा म्हणावं लागतं. त्या दिवशी ते म्हणताना माझाच आवाज घसरला.

"माझ्या उजव्या कानाकडे बघा."

तो बघत राहिला.

"आता डाव्या."

"डाव्या कानात रिंग आहे," तो हळूच म्हणाला, "उजव्यात नाही."

ठमीने सकाळी ओढून काढली असणार. दिवसभरात कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

त्याने तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधडा वाचली. मी म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. मग आलात कशाला?"

"खात्री करायला. हल्ली काही गोष्टी फारच स्पष्ट दिसायला लागल्यात."

अंधार होता ते बरं झालं. मग तो जरा अडखळला आणि म्हणाला की नाना कर्जाचं बोलत होते... सहकर्जदार हवा असेल तर तो उभा राहील. मी म्हटलं, बँकेला जवळचं नातं लागतं.

"नातं... ते काम चालू आहे."

मी दिवा लावला. थट्टा मला कळत होती, आवडतही होती. तरी एक गोष्ट आधीच स्पष्ट करायची होती. "घर माझ्या एकटीच्या नावावर होणार," मी म्हणाले. "दोघांच्या नावाचं एक घर मी सोडून आलेय. माझं नाव होतं तिथं, पण शब्दाला किंमत नव्हती."

त्याला वाईट वाटलं असणार. पण त्याने समजूत घालायला सुरुवात केली नाही, स्वतःचा चांगुलपणा सांगत बसला नाही. "बरोबर आहे," एवढंच म्हणाला, आणि पावसात निघून गेला. त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर जगले म्हणायला हरकत नाही.

मग नानांच्या व्याजावर सभा झाली. रविवारी सकाळी, इमारतीच्या वाहनतळात, स्कूटर बाजूला सारून मांडलेल्या खुर्च्यांवर. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना बाई म्हणत आणि सगळेच जरा सावरून बसत. मी कडेच्या खुर्चीवर, मांडीवर ठमी. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आल्या आल्या म्हणाले, की त्यांच्या ओळखीचा एक जण रोख पैसे घेऊन तयार आहे, व्याजासकट भरेल. आज व्याज माफ झालं नाही तर घर त्याचं, हे सांगायची गरज नव्हती.

खजिनदार उठला. नाना, मुद्दल तुम्हाला द्यावंच लागेल, असं त्याने त्यांच्याकडे बघून सांगितलं. लिफ्ट सगळ्या इमारतीची आहे, बटण दाबो न दाबो. नाना पुटपुटले. मग तो समितीकडे वळला. दंडव्याज लावण्याआधी नानांना एका ओळीनेही कळवलं नव्हतं, म्हणून ते मागायचा आपल्याला अधिकार नाही. ना कुणाला लागेल असं बोलला, ना कुणाला सोडलं. मी ऐकतच राहिले.

मतं घेतली. नानांना स्वतःच्या प्रकरणात मत नव्हतं. माफीच्या बाजूने तीन हात, विरोधात तीन. खजिनदाराचा हात मांडीवरच.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मीही.

"मी मत देणार नाही," तो म्हणाला. "या प्रकरणात माझा हितसंबंध आहे."

दुसऱ्या मजल्यावरच्यांनी लगेच शेजारच्याच्या कानात खजिनदाराच्या दलालीचा विषय काढला. बाईंनी चष्मा काढला. वर्गात मागच्या बाकावरून कुणी शिट्टी वाजवली की बघावं, तसं बघितलं.

"हित राहू द्या. संबंध काय ते सांगा."

त्याचे कान लाल झाले होते. "संबंध अजून काहीच नाही, बाई. तो व्हावा... अशी माझी इच्छा आहे. त्या इथं राहायला आल्या तर मला जो आनंद होईल, तो इमारतीच्या हिशेबात बसणारा नाही. अशा माणसाचं मत मोजू नये."

आधी मला त्याचा राग आला. एक हात वर केला असता तर माझ्या मुलीला घर मिळत होतं. आणि त्याच रागाच्या पोटात काहीतरी विरघळत गेलं. आमच्या जुन्या घरात खरं बोलणं कुणालाच परवडायचं नाही. हा माणूस भर सभेत ते बोलून बसला होता, आणि आता कुठं बघावं हे न कळून खुर्चीचा हात खरवडत होता.

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. समसमान मतं झाली की निर्णय त्यांचा. "हातातलं मत जो सोडतो, त्याने मांडलेलं मी खरं धरते. व्याज माफ. नाना, मुद्दल उद्याच भरा. पत्रावर मी सही करते." मग थांबून म्हणाल्या, "आणि खजिनदार, उरलेला विषय समितीच्या कक्षेत येत नाही. तुमचं तुम्ही बघा."

माणसं हसत पांगली. नाना ठमीला त्यांच्या, म्हणजे आता आमच्या, अंगणातला नळ दाखवायला घेऊन गेले. माझी नजर दर क्षणाला तिकडे जात होती. जिन्यापाशी आम्ही दोघंच उरलो.

"तुमच्यापायी घर जात होतं माझं," मी म्हणाले.

"हो."

"एवढंच? हो?"

"मी मत दिलं असतं," तो सावकाश म्हणाला, "तर हे घर मी मिळवून दिलं, असं कधीतरी तुमच्या मनात आलं असतं. कदाचित माझ्याही. तुम्हाला ते नको होतं ना..."

नळाचं पाणी ठमीच्या फ्रॉकवर उडालं, मला दिसलं, आणि तरी मी हाक मारली नाही. तो वाट बघून जरासा हसला. पत्र संध्याकाळपर्यंत पोचवतो म्हणाला, आणि पायऱ्या चढायला लागला.

"थांबा," मी म्हणाले.

तो वळला. पण शब्द माझा मलाच टोचला, कुणीतरी परकं बोलल्यासारखा.

"थांब," मी म्हणाले. "थांब ना जरा... मी पण येते."