उजवीकडची मोकळी जागा

विनेश माझ्याशी पहिल्यांदा बोलला, तो मला हाकलण्यासाठी.

"ताई, जरा कडेला होता का? फेरीबोट दिसत नाही."

मी आगरदांड्याच्या जेटीवर, डोक्यावर बर्फाची लादी घेऊन आमच्या सरबताच्या टपरीकडे निघाले होते. लादी वितळत होती, म्हणून डोकं शांत होतं. "बोटीलाच सांगा ना," मी म्हटलं.

त्याने खरंच बोटीकडे बघून विचार केला. "ती ऐकणार नाही..."

मग त्याने मलाच टिपलं आणि फोटो दाखवला. डाव्या कोपऱ्यात मी, बाकी सगळं पाणी.

"एवढी जागा कशाला वाया?"

"तुम्ही उजवीकडे बघताय. तिकडे मोकळं सोडायचं. नाहीतर नजर कडेवर आपटते."

माझी नजर आजवर कुठे आपटली नव्हती. त्या दिवशी आपटली.

तो मुरूडहून सरबत प्यायला येऊ लागला. मुरूडलाही सरबत मिळतं, हा विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही. 'ताई' मात्र लवकरच गळून पडलं.

पुढे घरात स्थळं बघणं सुरू झालं. बाबांनी फोटोचं काम विनेशलाच दिलं. ओळखीचा, शिवाय सरबतावर भागतो. पहिल्या फोटोत डावीकडे मी आणि उजवीकडे काळूरामकाकांची होडी. म्हसळ्याहून निरोप आला : मुलगी बरी आहे, पण होडी विकायची आहे का? दुसऱ्या फोटोत उजवीकडे जनीआत्याची बकरी होती. अलिबागवाल्यांनी बकरी पसंत केली. ती तिकडे सुखात आहे.

बाबा तापले. "पोरगी मधोमध घे! आधार कार्डावर हाय तशी. पनवेलवाल्यांना आज फोटो गेला पायजे!"

विनेशने निमूटपणे काढला. मधोमध. फोटो चांगला आला, हेच वाईट झालं.

"हा पसंत पडेल," मी म्हटलं.

"पडेल."

"तरी काढलास?"

तो स्वच्छ लेन्स पुन्हा पुसत बसला. "बाबा म्हणाले..."

"मग इतके दिवस कडेला का ठेवत होतास?"

"नियम आहे तसा—"

"नियमात बकरी आहे?"

लेन्स झिजायची वेळ आली. "बकरी... मी आणून बांधली होती," तो हळूच म्हणाला. "होडीपण काकांना सांगून ओढून आणलेली."

वारा आला. अशा वेळी त्याने मोगऱ्याचा वास आणायचा असतो. आमच्याकडे सुकटीचा आला. मला तोही आवडला.

मी डावीकडे सरकले. "अजून एक काढ. होडी नको, बकरी नको. उजवीकडे कोण उभं राहणार, ते तू ठरव."

त्याने माझ्याकडे पाहिलं... मग बर्फाच्या खोक्यावर कॅमेरा ठेवला, टायमर लावला आणि धावत सुटला. जेटीवर शेवाळ होतं. हे त्याला माहीत होतं. पण त्या क्षणी त्याला फारसं काही माहीत नव्हतं.

क्लिक.

मधोमधचा फोटो मी कुणालाच पाठवला नाही. फोनवर घेऊन बाबांच्या हातात हा दिला : डाव्या कडेला हसणारी मी, उजवीकडे हवेत दोन पाय, एकाच पायात चप्पल.

बाबांनी पायांवर बोट ठेवलं. "हे पाय कोणाचे?"

"तुमच्या जावयाचे."

बाबांनी फोन लांब धरला, जवळ आणला, आडवा केला.

"मग जावई तरी मधोमध घ्यायचा व्हता."