ऋत्विकची हजेरी

मनस्विनीचं डोकं सकाळपासून तापलं होतं. एस.टी. स्टँडमागच्या गाळ्यात तिचं नेट कॅफे. मशीनं पाच, फोनची लाइन एकच. पहिलं मशीन नेटला लागायचं, बाकीची त्याच्या आडून जायची. त्यासाठी प्रत्येकावर प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर. आज तीन नंबर हटून बसलं होतं.

हे सगळं लचांड तिच्या धाकट्या भावाचं. ऋत्विकने हौसेनं कॅफे थाटलं आणि बोटीवरची नोकरी मिळताच तिच्या गळ्यात मारून निघून गेला. "गणपतीला येतो गो ताई," म्हणाला होता. गौरी-गणपती पाण्यात गेले तरी ना माणूस, ना मेल. आई रोज विचारायची, "आलं का गो काही त्याचं?" रोज नाही म्हणायचं, आणि तिचा चेहरा बघायचा. मनस्विनीला त्याचा भयंकर राग यायचा. रागाखाली भीती होती, ती तिनं कुणाला दाखवली नव्हती.

"अगो, जाणार का आज माझं पत्र?" आत्मारामकाकांनी विचारलं. पोस्टातून निवृत्त झालेला हा गृहस्थ आता मुलीला ईमेल करायला शिकत होता.

"थांबा हो! आधी याची खोड मोडते."

सर्व्हरचा पत्ता बरोबर. पोर्ट बरोबर. नावाच्या जागी तिनं स्वतःचं नाव घातलं. नाही लागलं. केबल काढून घातली, मशीन बंद करून चालू केलं, सॉफ्टवेअर पुसून पुन्हा टाकलं. ढिम्म.

"हे प्रॉक्सी म्हणजे असतं तरी काय?"

"कॉलेजात पोरं एकमेकांची हजेरी लावतात ना, तेच. सर पुकारतात एकाला, ओ देतो दुसरा." रागारागात तिनं भावाचं नाव टाइप केलं आणि सरांसारखी ओरडली, "ऋत्विक?" मग स्वतःच खेकसली, "हजर आहे मेला!"

नेट लागलं. काका खो खो हसले.

पण रोज सकाळी ते मशीन नाव विसरायचं. पुन्हा घालावं लागायचं. एकदा तिनं मुकाट्यानं घातलं, तर लागेना. वैतागून "हजर आहे मेला" म्हणाली, लगेच लागलं. योगायोग, दुसरं काय! मग तिला सवयच झाली. गिऱ्हाइकंही विचारायला लागली, आज हजर का?

त्या मशीनच्या पंख्यातून खारा, डिझेलचा वास यायचा. भाट्याच्या खाडीवरचा वारा असेल, असं ती म्हणायची.

मग एकदा तिनं भावाच्या बोटीच्या कंपनीला लावायला फोन उचलला. नेट तुटलं, सगळे ओरडले.

"माझं चाललंय हो," तीन नंबरवरून काका म्हणाले.

मनस्विनी चमकली. तिनं रिसीव्हर ठेवला आणि पहिलं मशीनच बंद केलं.

"अजून चाललंय?"

"मस्त!"

तिनं जाऊन तीन नंबरच्या मागची केबल उपटली. काकांनी बटण दाबलं. पत्र गेलं.

"कोण चेष्टा करतंय रे?" ती किंचाळली. केबलच्या टोकाला ओल होती.

फोन वाजला.

बोटीच्या कंपनीचा माणूस होता, दूर दक्षिणेतल्या कुठल्याशा ऑफिसातून, मोडक्या हिंदीत बोलत होता. तिनं जवळजवळ ओरडूनच विचारलं, "माझा भाऊ कुठे आहे?"

तो चाचरला. आज ऋत्विकची केबिन उघडली, म्हणाला. आत कुणी नव्हतं. अंथरुणावर बुरशी धरली होती. बरेच दिवस झाले असावेत.

"बरेच दिवस? आणि कुणाला पत्ता नाही? डोळे फुटले होते का तुमचे?"

"रोज सकाळी हजेरी होते, बाई. त्याच्या नावाला रोज उत्तर येत होतं. म्हणून कुणी शोधलं नाही. नाहीतर बोट मागे वळवली असती."

"कोण देत होतं उत्तर?"

"तेच कळत नाही. आवाज बाईचा वाटायचा म्हणतात. फार चिडलेला."

तिच्या हातातून केबल खाली पडली.

"शब्द सगळ्यांना पाठ झालेत," तो म्हणाला. "पहिले दोन समजले. शेवटच्यावर मात्र इथं वाद चाललाय. मेला म्हणजे जत्राच ना, बाई?"