एकोणीस फुटांचा कागद

त्या कागदातून मिस्टर स्टोकींना काय मिळणार होतं, हे ब्रिटाने केव्हाच मोजलं होतं. चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, निघणाऱ्या मिरवणुकीत पहिल्या गाडीत जागा, पेपरात फोटो आणि ‘गावचे संगणकतज्ज्ञ’ ही पदवी. बदल्यात त्यांनी पायथन या संगणकभाषेत पंधरा ओळींचा प्रोग्राम लिहिला होता. तो रोज नदीची पातळी छापायचा, आणि स्टोकी न पाहताच तो कागद टाउन हॉलच्या खिडकीत लावायचे.

दहा दिवसांपूर्वी पहिला कागद लागला, तेव्हापासून त्यावर एकच आकडा होता. एकोणीस फूट.

“बर्फ वितळतोय आणि नदी जागची हलत नाही?” ब्रिटा म्हणाली.

“स्टोकींनी शिस्त लावलीय तिला,” डेल म्हणाला. डेल पॉयत्रा तिच्याच वर्गातला. त्याची धाकटी बहीण जून बरोबर होतीच. वसंताच्या सुट्टीतल्या शुक्रवारी तिघं धक्क्यावर उभी होती. खाली नदी पांढरी, गोठलेली, गप्प.

“शिडीच्या पायऱ्या कुठे गेल्या?” जून म्हणाली. “रविवारी मी अकरा मोजल्या. आता पाचच आहेत.”

बर्फाखालून दाराच्या बिजागरीसारखा करकर आवाज आला. पाणी चढत होतं, आणि बर्फाचं झाकण डोक्यावर घेऊनच चढत होतं.

डेलचं हसू मावळलं. त्याची ऑडेट मावशी नदीच्या वळणावर एकटी राहायची, गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. सत्तावीस फुटांना तिच्या अंगणात पाणी शिरायचं. “कागद पंचवीस म्हणाला की निघेन,” असं तिने सगळ्यांना बजावलं होतं.

टाउन हॉलमध्ये स्टोकी जेवायला निघाले होते. “पंधरा एप्रिलच्या आत ही नदी हललेली मी चाळीस वर्षांत पाहिली नाही,” ते कोट चढवत म्हणाले. “आणि मोजायचं काम यंत्राचं, पोरांनो. शिड्यांचं नाही.”

त्यांचा प्रोग्राम खालच्या वाचनालयातल्या विंडोज संगणकावर चालायचा. त्याच संगणकावर ब्रिटा सोमवारपासून पायथन शिकत होती. पहिला दिवस वायाच गेला होता. इन्स्टॉल करताना तळाच्या चौकोनात खूण करायची राहिली, त्यामुळे ‘पायथन’ टाइप केलं की विंडोज भलतंच, अ‍ॅप्सचं दुकान उघडून बसायचा.

तिने स्टोकींचा प्रोग्राम दोनदा वाचला. डाउनलोडच्या फोल्डरमधली ‘पातळी’ नावाची फाइल उघड, शेवटचा आकडा छाप.

“यात चूक नाही,” ती हळूच म्हणाली.

“मग नदीची चूक?”

“थांब रे.” तिने स्वतःच्या तीन ओळी लिहिल्या. फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं छाप. पडद्यावर यादी उतरली: पातळी, पातळी (१), पातळी (२)... थेट नऊपर्यंत.

ब्रिटाने यादीवर बोट टेकवलं. “स्टोकी रोज सरकारी साइटवरून नवी फाइल उतरवतात. त्या नावाची जुनी तिथे असली की विंडोज जुनीला हात लावत नाही, नवीच्या मागे आकडा चिकटवतो. प्रोग्राम मात्र रोज पहिलीच उघडतो.”

“नववी उघड,” डेल म्हणाला.

सकाळी सात वाजता: सव्वीस पूर्णांक चार. कालपासून दीड फूट वाढ.

“सत्तावीसला सहा दशांश कमी. म्हणजे दहा तासही नाहीत,” ब्रिटाने गणित केलं. “त्यातले सहा गेले.”

“चल, सांगू सगळ्यांना.”

“आपलं कोण ऐकणार? गाव कागदाचं ऐकतं.”

तिने प्रोग्राममधली एक ओळ बदलली: सगळ्यात नवी फाइल उघड. नवा कागद छापून आला: वर स्टोकींचा तोच मथळा, खाली नवा आकडा. जूनने जुना कागद फाडून तो लावला. पाच मिनिटांत खिडकीपुढे गर्दी झाली.

गर्दीतून वाट काढत स्टोकी आले. “हे कोणी...” त्यांनी आकडा वाचला, पुन्हा वाचला. मग काही न विचारता आत धावले आणि भोंगा त्यांनीच वाजवला.

पावणेचारला अग्निशमनवाल्यांनी ऑडेट मावशीला खुर्चीसकट पिकअपमध्ये चढवलं. गाडी चढावर पोचते तोच नदीवरचा बर्फ तोफेसारखा फुटला.

रात्रीचं जेवण शाळेच्या जिममध्ये झालं. “तासभर उशीर झाला असता तर मी आज शोध घेत असते, सूप वाढत नसते,” अग्निशमनप्रमुख लुंडबाई तिघांच्या वाट्या भरत म्हणाल्या. “शाब्बास.”

मावशीने फक्त जूनचा हात धरून ठेवला.

नदीने बेसबॉलचं मैदान घेतलं, दोन कोठारं घेतली. मावशीचं घर खिडक्यांपर्यंत बुडालं. कपडे, फोटो, शिवणयंत्र, सगळं गेलं. स्टोकींचं काही गेलं नाही. त्यांचं घर टेकडीवर होतं.