गोलीचा शर्ट

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण माझे मोठे मामा थापा मारणाऱ्यांतले नाहीत, म्हणून सांगतो.

मामा तरुणपणी गाववाल्यांबरोबर परदेशात गेले, कारखान्यात वेल्डर म्हणून. तिथे रविवारी करायचं काय? मग या लोकांनी फुटबॉलचा क्लब काढला. गोदामामागचं मैदान, पत्र्याची एक खोली, भिंतीला खुंट्या. मामा गोलकीपर, म्हणून सगळे त्यांना गोली म्हणायचे.

क्लबचा नियम एकच. ज्याचा शर्ट त्यानेच घालायचा. माणूस वारला तरी शर्ट धुऊन त्याच्याच खुंटीला. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

होता होता एकेक करून सगळे वारले. त्यांची पोरं दुसऱ्या क्लबांत, त्यांना आपली भाषाही धड येईना. उरले एकटे मामा. मामी आधीच गेलेल्या, लेक दूर. गोली म्हणून हाक मारणारं कुणी राहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती खोली पाडायचं ठरलं. रविवारी भर दुपारी मामा शर्ट आणायला गेले. मैदान कोरडं ठणठणीत.

दार उघडलं... आणि घामाचा वास आला.

ताज्या घामाचा.

शर्ट ओले होते. कोपरांना चिखल. फक्त मामांचा शर्ट कोरडा, स्वच्छ.

बाहेर चेंडूचा आवाज झाला... धप.

मग हाक आली.

"गोली, चल की लवकर. गोलात कुणी नाही."

आवाज क्लबातल्या सुताराचा. मामांचा जिवलग. त्याला मामांनीच खांदा दिला होता.

 मामांच्या तोंडातून सवयीने निघालं, "गुडघा धरलाय रे. तुम्ही खेळा."

बाहेर कुणीतरी हसलं. मग काहीच नाही. मामा बाहेर आले, तर मैदानावर पावलाचा ठसासुद्धा नव्हता.

मामांनी शर्ट घरी आणले, धुतले, दोरीवर टांगले. खोली पाडली गेली. पण दर रविवारी दुपारी मामांचा डोळा लागतो, आणि जाग येते तेव्हा शर्ट चिखलाने भरलेले. त्यांचा तेवढा स्वच्छ.

मी म्हटलं, "मामा, फेकून द्या ते."

"वेडा आहेस का? मग माझ्याकडे येईल कोण?"

मला वाटत होतं, ते घाबरलेत. कसलं काय, ते वाट बघत होते. नाही म्हटल्याचं त्यांच्या जिवाला लागलं होतं. दर रविवारी आपला शर्ट चढवून, बूट बांधून खुर्चीत बसायचे आणि तिथेच डुलकी घ्यायचे. बोलावतील परत, म्हणायचे.

हाक काही आली नाही.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

"या रविवारी ताप होता रे. शर्ट घातलाच नाही, दोरीवरच होता."

"बरं, मग?"

"आता बघतोय तर तो ओला आहे... छातीवर चेंडूचा चिखल."

"तुमचाच?" मी विचारलं.

"आमच्यात दुसऱ्याचा शर्ट कुणी घालत नाही," मामा म्हणाले. "तरी माझा दिला कुणाला तरी."

मग म्हणाले,

"म्हणजे आता मला बोलावणार नाहीत."

 क्लबातले बाकीचे सगळे आधीच तिकडे, आपापल्या शर्टात. मग मामांच्या जागी गोलात उभं कोण राहिलं, ते मला अजून कळलेलं नाही. आणि मामांनी शर्ट धुवायचं सोडून दिलंय.