जांभळ्या बुचाची नळी

चष्म्याचं दुकान असलेला तो पहिल्यांदा आला तोच रांग मोडून. रक्त घेण्याच्या खोलीत थेट शिरला आणि नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या मुलीला म्हणाला, "तुमचा चष्मा उजवीकडे कललाय."

"आणि तुम्ही रांग सोडून इकडे कललात," ती म्हणाली.

त्या गोष्टीला अकरा महिने झाले. त्याच्या हाडांतली मज्जा अर्धवट घडलेल्या पेशी रक्तात ढकलत होती, धड पेशी कमीच. दर सोमवारी रक्त द्यायचं, प्लेटलेटचा आकडा ऐकायचा, पुन्हा वाट बघायची. तो पार कंटाळला होता. दिवसभर सुया टोचून तीही कंटाळायची... पण सोमवारी तेवढी वेणी नीट घालून यायची.

एका सोमवारी रक्त देऊन झाल्यावर त्यानं खिशातून इवलासा स्क्रू-ड्रायव्हर काढला. "आणा तो चष्मा. बघवत नाही मला."

"अहो, कामात आहे मी—"

"मिनिटभर!"

चष्मा गेला, आणि समोरच्या धूसर चेहऱ्याकडे बघत ती उगाच हसत राहिली. जांभळ्या बुचाची नळी भरल्याबरोबर आठ वेळा हलकेच कलवायची, म्हणजे आतलं औषध मिसळून रक्त गोठत नाही. ती नळी न कलवताच स्टँडवर राहिली.

दुपारी रिपोर्ट आला. प्लेटलेट बारा हजार! गेल्या आठवड्यात सत्तर हजार होत्या. डॉक्टरांनी त्याला तातडीनं भरती व्हायला बोलावलं. तिनं नळीत काडी फिरवून पाहिली. आत रक्ताची गाठ होती, प्लेटलेट तिच्यातच अडकल्या होत्या.

तो बॅग घेऊन आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"आकडा खोटा आहे. नळी कलवायला विसरले मी. डॉक्टरांना सांगितलंय."

तो बाकावर बसला. "दुकानाची किल्ली आईच्या हातात देऊन आलो मी..."

"रागवा ना माझ्यावर."

"रागवायलाही जोर लागतो हो. दमलोय मी." मग बॅग बाजूला ठेवत, "पण विसरलात कशा?"

"तुमच्याकडे बघत होते."

"चष्म्याशिवाय?"

"चष्मा असताना हिंमत होत नाही..."

त्यानं बाही वर केली. या वेळी तिनं नळी मोठ्यानं मोजत आठ वेळा कलवली. आकडा आला अडुसष्ट हजार. तो वाढला नव्हता, पण फारसा घसरलाही नव्हता.

"म्हणजे सोमवारी पुन्हा," तो म्हणाला. "माझा काही भरवसा नाही हं. हे असंच चालणार."

"माहितीय. तुमचा आकडा तुमच्याआधी मीच बघते."

त्यानं बाही खाली केली. "मग एकदा आकड्याशिवाय भेटू या? मंगळवारी?"

"आधी आईंना फोन लावा," तिनं त्याची बॅग उचलली. "मंगळवारी येते. चष्मा घालून."