सावलीत सरकवलेलं टेबल

"हिरा साळवे बाद! मध्येच रिक्षात बसली असणार!" आयोजक दिगंबरकाका माइकवर गरजले. अख्खं मैदान हिराकडे बघायला लागलं.

आता सांगा, राग येणार नाही तर काय? खराडीच्या नव्या आयटी पार्कने सुट्टीत भरवलेली आठ किलोमीटरची शर्यत तिने जिंकली होती. आणि हे गृहस्थ तिला चोर ठरवत होते!

"अहो काका, पुरावा काय?" तिची मैत्रीण अवनी तणतणली.

"अर्ध्या वाटेवरच्या, वेळ टिपायच्या टेबलापर्यंत हिला चोवीस मिनिटं लागली. म्हणजे किलोमीटरला सहा. उरलेले चार किलोमीटर सोळा मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला चार! दमल्यावर असं पळतं का कोणी? आपण आम्हाला शिकवू नये. ट्रॉफी दुसऱ्या नंबरला जाईल."

"मी पहिल्यापासून शेवटपर्यंत किलोमीटरला पाचच मिनिटं घेते! चाळीस भागिले आठ करून बघा ना!" हिराचा आवाज फाटला. काकांनी पाठ फिरवली.

इतक्यात शर्यतीत धावलेला त्यांचा मित्र गंधार आपल्या वेळेचा कागद नाचवत आला. "ए, दुसऱ्या टप्प्यात माझाही वेग वाढलाय म्हणे! मी तर पोटात कळ आली म्हणून चालत होतो!"

"चालणाऱ्याचा वेग वाढला?" अवनी किंचाळली. "मग घोळ टेबलातच आहे! हिरा, पाचच्या वेगाने चोवीस मिनिटांत किती अंतर?"

"चार किलोमीटर... आणि आठशे मीटर!"

तिघांनी सायकली दामटल्या. चार किलोमीटरच्या खुणेची चुन्याची रेघ रणरणत्या उन्हात होती. तिथे टेबल नव्हतंच! ते जवळपास आठशे मीटर पुढे, वडाखाली सापडलं. वेळ टिपणारे यज्ञेश्वरकाका ते आवरत होते.

"ऊन केवढं होतं! जरा सावलीत सरकवलं," ते म्हणाले. "वेळ टिपल्याशी कारण. टेबल कुठे का असेना!"

"जरा? तुमच्या सावलीपायी मी चोर ठरले!" हिरा कडाडली. "चला, हेच सांगा तिकडे!"

यज्ञेश्वरकाका स्कूटरवरून मागोमाग आले. सगळं ऐकून दिगंबरकाकांचा चेहरा पडला.

"बरं बरं, झालं चुकून. हुशार आहात हो पोरांनो! मनाला लावून घेऊ नकोस."

"शाबासकी नंतर!" हिराने माइक त्यांच्यापुढे धरला. "चोर याच्यावर ठरवलंत ना? मग माफीही याच्यावरच मागा!"

दिगंबरकाकांनी माफी मागितली. हिराच्या बाबांनी, दशरथरावांनी, पहिली टाळी वाजवली. "शाबास गं पोरी! तिघंही शाबास!"

हिराने ट्रॉफी घेतली. दिगंबरकाकांनी पुढे केलेला हात मात्र तिने हातात घेतला नाही.