एक्केचाळिसावं झाड

"ओ पावणं, झाडाला मिठी मारायची असंल तर आधी मालकाला इचारावं लागतंय!"

पवित्रा दचकली. फणसाच्या बुंध्याला टेप गुंडाळताना तिचे हात वीतभर तोकडे पडत होते आणि टेपचं टोक पलीकडे कुठंतरी लोंबत होतं. ते टोक कुणीतरी पुढं केलं. मागोमाग एक हसरा चेहरा डोकावला… उन्हानं रापलेला, कपाळावर विभूतीची पुसट रेघ.

"मालक कोण?" तिनं विचारलं.

"आमचं अप्पा, वडील माझं. मी महांतेश. टेप धरायला चालंल न्हवं?"

गाव गडहिंग्लजच्या पुढचं, साल २००३. फेब्रुवारीचं ऊन आणि गुऱ्हाळाचा गोड वास. जयसिंगपूरची पवित्रा कोल्हापुरात शेतीशास्त्रात एम.एस्सी. करत होती. कुठल्या रानात किती कार्बन साठतो, हे तिला प्रबंधासाठी मोजायचं होतं. एक रान नुसत्या उसाचं, एक पडीक माळ, आणि तिसरं अप्पांचं. मधे ऊस, बांधावर आंबा, फणस, जांभूळ, साग.

"कार्बन म्हंजे कोळसाच की?"

"तसंच समजा. झाड तो हवेतून घेतं आणि खोडात साठवतं."

"मग ऊस काय उपाशी ऱ्हातोय?"

"तोही घेतो. पण वर्षाच्या आत कारखान्याला जातो, पाला तुम्ही पेटवता… की सगळं परत हवेत. झाड धरून ठेवतं."

"आमच्या घराण्याचा गुण हाय त्यो," महांतेश गंभीरपणे म्हणाला. "एकदा धरलं की सोडत न्हाय."

पवित्रा उगाचच वहीत बघू लागली. वहीचं पान कोरं होतं.

तिनं चाळीस झाडांना साडेचार फुटांवर गेरूचा पट्टा ओढला, नंबर घातले. वर्षानं त्याच पट्ट्यावर पुन्हा मोजायचं, म्हणजे वाढ कळते. दोन दिवसांचं काम पाच दिवस चाललं. दोघंही त्याचा दोष टेपला देत होते.

मग महिन्याला एक कार्ड यायला लागलं. 'सतरा नंबरला जांभळं लागली. पाच नंबर वाऱ्यानं कलला, पण उभा आहे.' स्वतःबद्दल एक अक्षर नाही. पवित्रा ती झाडांची खुशाली पाठ होईपर्यंत वाचायची आणि मग कॅलेंडर बघायची. दुसरी मोजणी झाली की त्या गावाला जायचं कारणच संपणार होतं. घरी तर प्रबंध संपायची वाट बघत स्थळं रांगेत उभी होती.

जानेवारीत कार्ड आलं. 'अप्पांनी अकरा झाडं वखारवाल्याला दिली. सावलीनं ऊस खुरटतो म्हणतात. लवकर या.'

दुसऱ्या दिवशी ती एसटीतून उतरली ती धावतच बांधावर गेली, आणि बघतच राहिली. झाडं सगळी जागेवर होती. पण शेवग्याला गेरूचा पट्टा, नारळाला पट्टा, गोठ्याच्या खांबाला, इतकंच काय, अप्पांच्या खाटेच्या पायालासुद्धा!

"ह्या खुळ्यानं म्हस तेवढी सोडली," अप्पा करवादले.

झालं होतं असं, की वखारवाल्यानंही आपल्या अकरा झाडांना गेरूचाच आणखी एक पट्टा ओढला होता. महांतेशनं डबाभर गेरू कालवला आणि बाकीच्या झाडांना, दिसेल त्याला तसाच फासला. लाकूडतोडे आले, डोकी खाजवत उभे राहिले आणि कुऱ्हाडी घेऊन माघारी गेले.

"खरं सांग बाई," अप्पा म्हणाले. "झाडाच्या रानात जास्त साठतंय?"

"लई जास्त, अप्पा. उसापेक्षाही, माळापेक्षाही."

"आनि त्याचं बिल कुठला कारखाना देतोय?"

"कुणीच देत नाही," ती म्हणाली.

अप्पा एकदम हसले. "खोटं बोलली असतीस तर उद्याच तोडली असती. ऱ्हाऊ देत. वखारवाल्याला मी न्हाय म्हनून सांगतो."

दिवस कलेपर्यंत चाळीस झाडं मोजून झाली. सगळी थोडीथोडी वाढली होती. "झालं," पवित्रा म्हणाली आणि सावकाश टेप गुंडाळू लागली.

"एक ऱ्हायलंय."

विहिरीजवळ गुडघ्याएवढं फणसाचं रोप होतं. शेजारच्या काठीला गेरूचा पट्टा आणि नंबर, एक्केचाळीस.

"तुमच्या त्या फणसाचीच आठळी. मे महिन्यात लावली."

"हे कसं मोजू? साडेचार फूट व्हायला तीन वर्षं तरी लागतील."

"मग थांबा की."

"तीन वर्षं?"

महांतेशचा थट्टेचा सूर कुठं गेला कुणास ठाऊक. "मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "झाडाचं आपलं… निमित्त हाय. तुम्ही जन्मभर थांबा."

पवित्रानं वही उघडली. नंबर एक्केचाळीस, फणस. घेराचा रकाना तिनं कोरा सोडला आणि शेऱ्यात सावकाश लिहिलं: 'मोजणारी इथंच राहायला येते आहे.' मग वही त्याच्यापुढं धरली.